सुजलेल्या हिरड्या: कोल्हापुरातल्या आमच्या दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिरड्यांची तक्रार घेऊन आमच्याकडं शहरातल्या पेठांमधून लोक येतात, तसे कागल, पन्हाळा, शाहूवाडीकडूनही येतात. प्रश्न मात्र बहुतेकांचे तेच असतात. खुर्चीत तोंड उघडं ठेवून विचारणं जमत नाही, आणि काय विचारायचं होतं ते घरी पोचल्यावर आठवतं. म्हणून ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत.

हिरड्या सुजल्यात हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभं राहा आणि बोटानं ओठ बाजूला करा. निरोगी हिरडी दाताला घट्ट बसलेली असते आणि दोन दातांच्या मधलं तिचं टोक बारीक, निमुळतं दिसतं. सूज आली की हे टोक आधी फुगतं, गोल होतं, चकचकीत दिसायला लागतं. बोट लावलं तर मऊ लागतं. आपल्याकडं बऱ्याच जणांच्या हिरड्या मुळातच तपकिरी किंवा काळपट असतात. तो त्वचेसारखाच रंगाचा भाग आहे, आजार नाही. त्यामुळं रंगापेक्षा आकाराकडं लक्ष द्या.

खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू जरूर बघा. तिथं लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून किटण सगळ्यात आधी तिथंच साठतं. थुंकीत रक्त, पेरू चावल्यावर त्यावर लाल डाग, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पुसट डाग, तोंडाला वास, दात पूर्वीपेक्षा लांब वाटणं, या सगळ्या खुणा हिरड्यांच्याच आहेत.

पण दुखत काहीच नाही. मग दाखवायचं कशाला?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच विचारानं होतं. किडलेला दात ठणकतो, रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येतो. हिरडीचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. वर्षानुवर्षं थोडं रक्त येतं, थोडा वास येतो, आणि त्याची सवय होऊन जाते. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात हलतो.

पहिल्या टप्प्यात फक्त हिरडी सुजलेली असते. हा टप्पा पूर्ण बरा होतो. दात स्वच्छ झाले आणि स्वच्छ राहिले की हिरडी पुन्हा पहिल्यासारखी होते. दुसऱ्या टप्प्यात सूज आत उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. याला लोक पायरिया म्हणतात. इथं उपचारानं आजार थांबवता येतो, पण झिजलेलं हाड सहसा पहिल्याइतकं भरून येत नाही. या दोन टप्प्यांच्या मधे कुठंही दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघणं महागात पडतं.

आम्ही तपासताना टोकाला मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवतो. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतो. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर आत जाते. ती ४, ५, ६ मिलिमीटर जायला लागली आणि मागोमाग रक्ताचा थेंब आला, की आत काय चाललंय याचा अंदाज येतो. मग हाडाची पातळी बघायला एक्स-रे काढतो. तपासणी एवढीच. सळईनं टोचल्यासारखं वाटतं, पण त्याच्या भीतीनं यायचं टाळू नका.

सूज मुळात येते कशानं?

बहुतेक वेळा दातांवर साठणाऱ्या जंतूंच्या चिकट थरानं. ब्रश केल्यावर काही तासांतच तो पुन्हा बसायला लागतो. रोज काढला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो, बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर धरतो तसा. हेच किटण. एकदा ते दगडासारखं झालं की ब्रशनं निघत नाही, कितीही घासा.

डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी मुद्दाम दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. आज ना उद्या हे कुणाच्याही तोंडात होऊ शकतं, आणि वेळीच धरलं तर तितक्याच लवकर बरंही होतं.

बाकीची कारणं या थराला हातभार लावतात: तंबाखू, मधुमेह, गरोदरपणातले बदल, काही औषधं, वेडेवाकडे दात, नीट न बसलेली कॅप. सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही हिरड्या सुजतात, पण रोजच्या जेवणात लिंबू, पेरू, आवळा, हिरवी मिरची असेल तर तेवढी कमतरता क्वचितच येते.

अंगात उष्णता वाढल्यामुळं हिरड्या सुजतात का? तांबडा रस्सा बंद करू का?

उष्णतेचं कारण घरोघरी सांगितलं जातं, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात. सब्जा पिऊन बघतात, गुलकंद खातात. सब्जा प्या, पण त्यानं किटण निघणार नाही, आणि गुलकंदात साखरच जास्त असते. तिखटानं हिरडीचा आजार होत नाही. हिरडी आधीच सुजलेली असेल तर तांबडा रस्सा झोंबतो, एवढंच. सूज असेपर्यंत पांढऱ्यावर भागवा. कायमचा बंद करण्याचं काही कारण नाही.

ब्रश लावला की रक्त येतं. मग काही दिवस ब्रश बंद ठेवू का?

नका ठेवू. रक्त ब्रशमुळं येत नाही, सुजेमुळं येतं. ब्रश बंद केला की थर वाढतो, सूज वाढते आणि पुढच्या वेळी आणखी रक्त येतं. मऊ ब्रश घ्या आणि जिथून रक्त येतं तिथंच जास्त हलक्या हातानं, पण जास्त वेळ घासा. नुसत्या थराची सूज असेल तर आठ-दहा दिवसांत रक्त कमी होतं. दोन आठवडे नीट घासूनही येतच राहिलं तर आत किटण आहे असं समजा आणि दाखवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. अचानक, कारण नसताना भरपूर रक्त यायला लागलं, अंगावर निळे-लाल डाग दिसले, ताप, थकवा, वजन घटणं असं काही जोडीला असलं तर आधी फिजिशियनकडं जा आणि रक्ताची तपासणी करून घ्या. पावसाळ्यात डेंग्यूमध्ये प्लेटलेट उतरल्यावर हिरड्यांतून रक्त येतं. क्वचित ब्लड कॅन्सरची पहिली खूण हिरड्यांवर दिसते. हे घाबरवायला सांगत नाही, पण अशा वेळी दातांच्या दवाखान्यात दिवस घालवू नयेत.

एकाच जागी सूज आली आहे, बाकी सगळं ठीक आहे. असं का?

रविवारी मटण आणि सोमवारी सकाळी आमचा फोन, हे ठरलेलं आहे. दोन दाढांच्या मधे मटणाचा धागा अडकतो, काडेपेटीच्या काडीनं किंवा सेफ्टी पिननं टोकरलं जातं, धागा आणखी खाली जातो आणि हिरडी फुगते. गळीत हंगामात असंच उसानं होतं. कांडं दातांनी सोलताना एखादं कूस हिरडीत शिरतं आणि दिसतही नाही. टाचणी, पिन, काडी काही घालू नका. कोमट पाण्यानं जोरात चुळा भरा, दातांसाठीचा दोरा मिळतो तो सावकाश खाली नेऊन बाजूनं ओढून काढा. अडकलेलं निघालं की हिरडी एक-दोन दिवसांत बसते. पण प्रत्येक वेळी त्याच जागी अन्न अडकत असेल तर तिथं फट, कीड किंवा बिघडलेलं फिलिंग आहे. ती जागा दुरुस्त केल्याशिवाय हा त्रास संपणार नाही.

हिरडीवर पुटकुळीसारखा उंचवटा येतो, फुटतो, खारट-घाण चव येते आणि पुन्हा भरतो, असं होत असेल तर दाताच्या मुळाशी किंवा हिरडीच्या खिशात, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल झालेल्या फटीत, पू आहे. फुटल्यावर ठणका थांबतो म्हणून लोक निश्चिंत होतात. आतलं इन्फेक्शन तसंच असतं.

साधारण १७ ते २५ वयात, अगदी मागं, जबडा उघडताना दुखत असेल तर ती अक्कलदाढ. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं आणि त्याखाली अन्न कुजतं. मिठाच्या चुळांनी आराम पडतो, पण वारंवार होत असेल तर दाढ काढायची का ते एक्स-रे बघून ठरवावं लागतं.

मिसरी लावल्यानं हिरड्या घट्ट होतात, असं सासूबाई सांगतात. खरं आहे का?

नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर चोळायची. मिसरी म्हणजे तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडून टाकतं, म्हणून रक्त थांबल्यासारखं वाटतं, दुखणं बधिर होतं, आणि हिरडी बरी झाली असा समज होतो. आत हाडाची झीज चालूच राहते. तंबाखूचा बार ठेवणाऱ्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचंही हेच होतं. रक्त येत नाही म्हणून ते कधी दाखवत नाहीत आणि येतात तेव्हा दोन-चार दात हातानं हलत असतात.

आमच्याकडं येणाऱ्या मावश्यांची डबी बहुधा कमरेला किंवा पिशवीत असते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळं पडलेलं असतं. तोंड उघडल्यावर ते बोट रोज जिथं फिरतं तिथली हिरडी खाली सरकलेली दिसते, दाताचं पिवळं मूळ उघडं पडलेलं असतं आणि बऱ्याचदा गालाच्या आत पांढरट चट्टा असतो. दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या बायका आहेत. दात घासण्यासाठी पाच वेळा कुणी उठत नाही, तलफ उठवते. हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना रागावून काही होत नाही, आणि सुनांनी डबी फेकून दिल्यानंही नाही.

तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. गरोदर बाईनं मिसरी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिसरी मात्र घरातल्याच तव्यावर तयार होते, त्यामुळं ती घरानंच थांबवायला हवी. सोडताना पहिला आठवडा जड जातो. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप, लवंग तोंडात ठेवा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. सकाळची पहिली वेळ सगळ्यात अवघड असते, म्हणून त्या वेळी हातात ब्रश आणि पेस्ट आयती ठेवा. जमत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

शुगर आहे. हिरड्यांशी त्याचा काय संबंध?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोरात वाढतो, जखम लवकर भरत नाही, पुन्हा पुन्हा गळू होतात. उलट बाजूनं, हिरड्यांतली जुनी सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार नीट झाले तर तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ नं खाली येऊ शकते. औषधांच्या जोडीला हा फायदा लहान नाही. वारंवार हिरडीला गळू होणाऱ्या पेशंटला आम्ही शुगर तपासून घ्यायला सांगतो, आणि काहींना आपल्याला मधुमेह आहे हे तेव्हाच कळतं. दवाखान्यात येताना उपाशी येऊ नका, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घ्या आणि अलीकडचा रिपोर्ट सोबत आणा.

पाचवा महिना चालू आहे आणि हिरड्या खूप सुजल्यात. बाळंतपणानंतर दाखवलं तर चालेल का?

थांबू नका. गरोदरपणात हार्मोन वाढल्यामुळं दातांवरच्या थोड्याशा थरालाही हिरडी जोरात सुजते. काहींना दोन दातांच्या मधे लाल, मऊ गाठ येते. ती कॅन्सरची नसते आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरते. दात साफ करून घेणं गरोदरपणात सुरक्षित आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात खुर्चीत बसणंही सोपं जातं. उलट्यांमुळं ब्रश नको वाटत असेल तर उलटीनंतर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि अर्ध्या तासानं घासा. दुखलं म्हणून मनानं आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका.

बीपीची किंवा फिट्सची गोळी चालू झाल्यापासून हिरड्या वाढल्यासारख्या वाटतात. भास आहे का?

भास नाही. बीपीची अम्लोडिपिन, निफेडिपिन, फिट्सची फेनिटॉइन आणि किडनी बदलल्यावर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन यांनी काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा दुसरी गोळी देता येते. दात स्वच्छ ठेवले तर वाढ कमी राहते.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांचंही तसंच. दात साफ करायचेत म्हणून त्या परस्पर थांबवू नका, आम्हाला आधी सांगा. हृदयाची झडप बदलली असेल तर हे सांगणं फारच महत्त्वाचं आहे, कारण उपचाराआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

लहान मुलाच्या हिरड्या सुजल्यात, ताप आहे, काही खात नाही.

एक ते पाच वर्षांच्या मुलाला ताप येऊन हिरड्या लालभडक झाल्या आणि तोंडात बारीक फोड आले, तर बहुतेक वेळा तो विषाणूचा आजार असतो. दहा ते चौदा दिवसांत आपला आपण बरा होतो. जपायचं ते पाण्याला. थंड दूध, ताक, पेज चमच्यानं थोडं थोडं देत राहा. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा मूल मलूल झालं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडं न्या. दात येतानाची हिरडी थोडी निळसर फुगते, ती बहुधा दात वर आल्यावर बसते.

घरी काय करता येईल?

मिठाचं पाणी. एक पेला कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा चुळा. इतकं स्वस्त आणि निर्धोक दुसरं काही नाही. तुरटीनं हिरडी तात्पुरती आवळल्यासारखी वाटते, कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर समोरचे दात साफ होतात, पण दाढांच्या मधे दोन्ही पोचत नाहीत.

काही गोष्टी मात्र करूच नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यानं चामडी जळते, पांढरी जखम घेऊन आलेले लोक आम्ही बघतो. लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतल्यानंही भाजतं. कोळशाची पूड, विटेची पूड, राखुंडी दात झिजवतात. गालावर सूज असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका.

मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या की बरं वाटतं. तेच केलं तर?

साध्या सुजेला अँटिबायोटिक लागतच नाही. किटण जागेवर असताना गोळीनं चार दिवस बरं वाटतं आणि महिन्यानं पुन्हा तेच. दर वेळी अर्धवट गोळ्या घेतल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ताप, चेहऱ्यावर सूज, पसरणारं इन्फेक्शन असेल तेव्हा त्या द्याव्या लागतात, आणि तेव्हा कोर्स पुरा करायचा असतो. मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर दारू अजिबात नको.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश चांगलं आहे, पण दोन आठवड्यांच्या वर मनानं वापरू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. ब्रश आणि माउथवॉश यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

दात साफ केल्यानं सैल होतात, फटी पडतात, असं सगळे सांगतात.

हा गैरसमज कितीतरी दात घालवतो. किटण वर्षानुवर्षं साठून दातांच्या मधल्या जागा भरून टाकतं आणि हलणाऱ्या दातांना बाहेरून टेकू देतं. त्याच किटणानं खाली हाड खाल्लेलं असतं. ते काढलं की आधीच झालेली झीज उघडी पडते, सूज उतरून हिरडी बसते आणि फटी दिसतात. थोडे दिवस थंड पाणी लागतं. मशीनचं टोक दाताला कोरत नाही, ते कंपनानं किटण सोडवतं आणि सोबत पाणी सोडतं. उपचारानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत हिरडी आवळून येते, आणि थोडे हलणारे दात बऱ्याचदा पुन्हा घट्ट लागतात.

खिसे खोल असतील तर भूल देऊन मुळांपर्यंत सफाई करावी लागते. तेवढ्यानं भागलं नाही तर हिरडी थोडी उघडून आतून साफ करतात आणि टाके घालतात. खर्च किती, बसण्या किती, हे आधी विचारून घ्या. त्यात संकोच नको.

मग रोज करायचं काय?

मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. ब्रश आडवा खसाखसा फिरवू नका. केस तिरके धरा, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील असे. तिथंच हलकं थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडं झटका. आतली बाजूही तशीच. दोन दातांच्या मधे दोरा किंवा फट मोठी असेल तर छोटा गोल ब्रश, दिवसातून एकदा, शक्यतो रात्री. तीन महिन्यांनी किंवा केस फिस्कटले की नवा ब्रश.

रात्रीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी सुटते. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन येणारे असाल तर आधी दूध, मग ब्रश. कवळी असेल तर ती रात्री काढून पाण्यात ठेवा.

रात्री-अपरात्री धावत जावं लागेल असं काही असतं का?

असतं. सूज हनुवटीखाली किंवा मानेकडं उतरली, गिळता येईना, तोंड दोन बोटंही उघडेना, जीभ वर उचलल्यासारखी झाली, श्वास घ्यायला त्रास, थंडी वाजून ताप, डोळ्याकडं सूज चढली. यांपैकी काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. खालच्या दाढेचं इन्फेक्शन मानेत उतरलं तर काही तासांत श्वासनलिका दाबू शकतं.

खासगी दवाखाना परवडत नाही. कुठं दाखवायचं?

आधी तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारा. वारणानगरजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, शिकणारे डॉक्टर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो, सकाळी लवकर निघा.

बरं झाल्यावर पुन्हा कधी यायचं?

हिरड्या नुसत्या सुजल्या होत्या आणि आता ठीक असतील तर सहा महिन्यांनी. हाड झिजलेलं असेल, शुगर असेल किंवा तंबाखू अजून सुटली नसेल तर दर तीन महिन्यांनी. येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, नावं लक्षात ठेवायची गरज नाही.